विंडोज १० गेलं, मशीनं मात्र ठणठणीत: छपाईच्या धंद्यात लिनक्सवर जाता येईल का?

शाईवाला

मंडळी, धागा तांत्रिक विभागात टाकतोय, पण प्रश्न धंद्याचा आहे.

मिरजेत आमचं डिझाइन आणि जॉब प्रिंटिंगचं छोटं ऑफिस आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, हँडबिलं, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, अधूनमधून स्मरणिका आणि दरवर्षी दोन दिवाळी अंक. चार मशीनं, सगळी सहाव्या-सातव्या पिढीची आय-फाइव्ह. एसएसडी टाकलेली, रॅम वाढवलेली, कामाला कुठे कमी नाहीत. पण १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे अपडेट थांबले. विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, म्हणजे ती वाट बंद. मुदतवाढीचे अपडेट चालू करून घेतलेत, ते ऑक्टोबर २०२६ पर्यंत. पुढे काय?

भाचा म्हणतो, "मामा, विंडोज काढून लिनक्स मिंट टाक, फुकट प्रणाली आहे, मशीनं अजून पाच वर्षं पळतील." त्याचं वय बोलतंय की अक्कल, ते तुम्ही सांगा. आमचं काम असं: कोरेल, फोटोशॉप, पेजमेकर (हो, अजून), डोंगलवाली (म्हणजे यूएसबीला परवान्याची चावी लावल्याशिवाय न चालणारी) मराठी फाँटांची श्री-लिपी आणि टॅली.

एक विनंती. ब्राउझर चालतो, ईमेल चालतो, यूट्यूब चालतं हे कृपया सांगू नका. पोटापाण्याचं काम लिनक्सवर नेलं आणि ते तिथे टिकलं, असं इथे कोणी आहे का?

बिनकामाचा

लिनक्स विरुद्ध विंडोज! खूप दिवसांनी. पॉपकॉर्न घेऊन पहिल्या रांगेत बसलोय. शंभरी नक्की.

मुक्तछंद

शाईवाला, भाचा बरोबर आहे. मिंट २२ ला एप्रिल २०२९ पर्यंत अपडेट आहेत आणि तुमच्या मशीनवर ते लोण्यासारखं चालेल. आधी पेनड्राइव्हवरून नुसतं चालू करून बघा, हार्ड डिस्कला हातही लागत नाही. प्रिंटर, स्कॅनर, वायफाय ओळखलं का ते तिथेच कळतं.

आता कामाचं. कोरेलऐवजी इंकस्केप. फोटोशॉपऐवजी गिंप, मार्च २०२५ मध्ये त्याची ३.० आवृत्ती आली आणि इफेक्ट दिल्यावर मूळ चित्र शाबूत ठेवण्याची सोय त्यात आली. पेजमेकरऐवजी स्क्रायबस. स्क्रायबसला पूर्वी देवनागरी जमत नव्हती, जोडाक्षरं तुटायची. ओमानमधल्या एका गटाने अरबीसाठी अक्षरजुळणीचं काम केलं, ते १.५.३ पासून त्यात आलं आणि त्याचा फायदा आपल्या लिपीलाही झाला. जानेवारी २०२४ च्या १.६ या स्थिर आवृत्तीत ते आहेच. सीएमवायके म्हणजे छपाईचे चार रंग आहेत, पीडीएफ-एक्स हा छपाईसाठीचा पीडीएफ निघतो. दिवाळी अंक त्यात आरामात बसेल.

सवय व्हायला वेळ लागतो, एवढंच. लोक ज्याला "लिनक्सवर होत नाही" म्हणतात, ते बऱ्याचदा "मला शिकायचं नाही" असतं.

नाना_प्लेटवाले

शेवटचं वाक्य वाचून लॉगिन करावं लागलं.

मी कोल्हापुरात छपाईच्या प्लेटा काढतो. दिवसभर दुसऱ्यांच्या फाइली उघडणं हाच माझा धंदा. इंकस्केपमधून बाहेर पडणारा पीडीएफ आरजीबी, म्हणजे पडद्याच्या तीन रंगांतला असतो. पडद्यावर अक्षर काळंभोर दिसतं. माझ्याकडे रंग वेगळे केले की तो काळा चारही प्लेटांवर येतो, थोडा निळा, थोडा गुलाबी, थोडा पिवळा आणि वर काळा. जाहिरातीतल्या मोठ्या अक्षराला चालून जातं. पण दहा पॉइंटच्या मराठी मजकुरात शिरोरेखेची जाडी ती किती! मशीनवर रजिस्टर, म्हणजे चार रंगांची जुळणी, केसभर हललं की रेघेच्या वर गुलाबी सावली आणि खाली निळी. अनुस्वाराची तर टिकलीच वेगळी पडते. गिऱ्हाईक म्हणतं छपाई खराब, छपाईवाला म्हणतो प्लेट खराब, आणि प्लेटवाला म्हणजे मी. काळा मजकूर फक्त काळ्याच प्लेटवर हवा, ते कोरेलमध्ये एका क्लिकचं काम आहे.

स्क्रायबसबद्दल मुक्तछंद खरं बोलतायत. त्याचा पीडीएफ चांगला येतो, नेमस्त येतो. माझ्याकडे एका संस्थेचं त्रैमासिक त्यातूनच येतं, कधी फोन करावा लागत नाही. पण त्रैमासिक वेगळं आणि लग्नपत्रिका वेगळी. पत्रिकेत रात्री दहा वाजता मुलीच्या आत्याचं नाव बदलतं. तेव्हा मला पीडीएफ नको, सीडीआर हवी, कोरेलची मूळ फाइल. कर्व्ह न केलेली, म्हणजे अक्षरं बदलता येतील अशी.

अनघा_क

नाना +१. आत्यांवर एक वेगळा धागा काढा.

शाईवाला

नाना, नेमकं बोललात. आमच्याकडून फाइल बाहेर पडते ती पीडीएफ म्हणून क्वचितच. प्लेटवाला सीडीआर मागतो, फ्लेक्सवाला सीडीआर मागतो, तेही "जरा खालच्या व्हर्जनमध्ये सेव्ह करून द्या" म्हणून.

@मुक्तछंद, आमच्या जुन्या सीडीआर इंकस्केपमध्ये उघडतील का?

मुक्तछंद

उघडतात. लिबसीडीआर नावाची लायब्ररी आहे, ती वापरून इंकस्केप आणि लिबरऑफिस ड्रॉ दोन्ही सीडीआर वाचतात. आकार बहुतेक जागच्या जागी येतात. पॉवरक्लिप, लेन्स असे कोरेलचे इफेक्ट आणि काही सावल्या यांची मात्र खात्री नाही. आणि वाचतात म्हणजे फक्त वाचतात, सीडीआर लिहिता येत नाही.

फ्लेक्सभाऊ_अकोला

म्हणजे इकडून नेता येते अन् तिकडून आणता येत नाही. आमच्या गावच्या एसटीसारखं झालं भाऊ हे.

माझ्याकडे फ्लेक्सचं मशीन आहे अन् एक कटिंग प्लॉटर. दोन्हीचं सॉफ्टवेअर विंडोजवरच चालते, फ्लेक्सच्या रिपला (फाइल मशीनच्या भाषेत बदलणारं सॉफ्टवेअर) डोंगल आहे. मशीन बसवायला आला होता त्या पोराला लिनक्सचं विचारलं तर तो माझ्याकडे असा पाहू लागला जसं काई मी त्याला मशीन बैलावर चालते का विचारलं. शाईवाला दादा, आम्हाले सीडीआरच द्या.

जुनाजाणता

गंमत म्हणून सांगतो. कोरेल लिनक्सवर होतं. १९९९ साली कोरेल कंपनीने स्वतःची लिनक्स प्रणाली काढली होती आणि २००० मध्ये कोरेलड्रॉ ९ लिनक्ससाठी आणलं, आतून वाइनवर (विंडोजची सॉफ्टवेअरं लिनक्सवर चालवायची सोय) चालणारं. थोड्याच काळात सगळं गुंडाळलं. मॅकवरसुद्धा ते मध्ये बरीच वर्षं नव्हतं, २०१९ ला परत आलं. तेव्हा धंद्यातलं सॉफ्टवेअर कुठल्या प्रणालीवर चालणार हे गिऱ्हाइकं किती त्यावर ठरतं, तंत्रावर नाही.

सीएफएक्स_दादर

"लिनक्सवर प्रोफेशनल काम होत नाही" असं कोणी म्हणायच्या आत एक उलटी बाजू.

मी व्हीएफएक्समध्ये आहे, म्हणजे सिनेमातल्या संगणकी दृश्यांच्या कामात. आमच्या मजल्यावर बहुतेक सगळ्या मशीनवर लिनक्स आहे. माया, हूडिनी, न्यूक ही सगळी पैसे मोजून घ्यायची सॉफ्टवेअरं आहेत आणि लिनक्सवर रीतसर मिळतात. जगभरातल्या मोठ्या स्टुडिओंमध्ये हीच पद्धत, कारण रेंडर फार्म (अंतिम दृश्यं तयार करणारी मशीनं) लिनक्सवर, स्टुडिओची स्वतःची अवजारं लिनक्सवर, मग आर्टिस्टचं मशीन वेगळं कशाला? कुठल्या वर्षी कोणत्या आवृत्त्या वापरायच्या याचा सगळ्यांनी मिळून ठरवलेला एक तक्तासुद्धा असतो. ३० जून २०२४ ला सेंटओएस ७ हे लिनक्स संपलं तेव्हा या क्षेत्राला तुमच्यासारखीच हलवाहलव करावी लागली होती. लोक रॉकी किंवा अल्मावर गेले.

नव्या मुलांना पहिला आठवडा जड जातो, मग कोणालाच आठवत नाही की हे लिनक्स आहे. पडद्यावर दिवसभर न्यूकच उघडं असतं. पण हेही सांगतो: टेक्श्चरवाल्यांना फोटोशॉप लागतंच, आणि त्यासाठी कोपऱ्यात विंडोजची मशीनं ठेवलेली असतात. अडोबीची सॉफ्टवेअरं लिनक्ससाठी निघत नाहीत आणि नव्या आवृत्त्या वाइनवर बसवणं हा उद्योग धंद्याच्या माणसाने करू नये.

बिनकामाचा

मग घरचं लग्नाचं शूटिंग एडिट करायला लिनक्स घेऊ का? भावाने दा विंची सांगितलंय, तेही फुकट.

सीएफएक्स_दादर

दा विंची रिझॉल्व लिनक्सवर आहे. पण लिनक्सवरची फुकट आवृत्ती एच-२६४ फाइली उघडत नाही, आणि तुमचा कॅमेरा, मोबाईल, ड्रोन बहुधा त्याच देतात. आधी सगळं दुसऱ्या फॉरमॅटमध्ये बदलून घ्यावं लागतं. हळदीपासून पाठवणीपर्यंतचं फुटेज बदलत बसलात तर पहिलं मूल शाळेत जाईल.

टॅक्सवाली

हिशेबाच्या बाजूने लिहिते. मी कर सल्लागार आहे, साताऱ्यात.

टॅलीप्राइम अधिकृतपणे फक्त विंडोजवर. वाइनवर चालवणारे आहेत, पण मार्चअखेरीला अडलं तर कंपनीच्या मदत केंद्राला कुठल्या तोंडाने फोन करणार? ब्राउझरमधून वापरायची क्लाउडची सोय आहे, तिचं भाडं वेगळं. छोट्या ऑफिसला ते परवडतं का ते ज्याचं त्याने बघावं.

रिटर्नचं मिश्र आहे. पोर्टलवर ऑनलाइन भरायचं असेल तर कुठलीही प्रणाली चालते. पण आयकर खात्याच्या एक्सेलवाल्या युटिलिटी मॅक्रोवर चालतात, त्या लिबरऑफिसमध्ये चालतील या भरवशावर राहू नका. टीडीएसचं रिटर्न तयार करायची आरपीयू जावावर आहे, ती लिनक्सवर चालते. खरी परीक्षा डिजिटल सहीच्या (डीएससी) टोकनची. एकल मालकी आणि भागीदारीला जीएसटी ओटीपीवर भरता येतो. कंपनी किंवा एलएलपी असेल तर डीएससी लागतेच. काही टोकनांचे लिनक्स ड्रायव्हर मिळतात, काहींचे नाहीत, आणि ड्रायव्हर असला तरी पोर्टलची सही करणारी युटिलिटी त्याच्याशी बोलली पाहिजे. एकदा विसाव्या तारखेच्या संध्याकाळी एका अशिलाचं टोकन त्याच्या मशीनवर दिसेना, तेव्हा शेजारच्या मेडिकलवाल्याच्या विंडोजवरून रिटर्न गेलं. औषधं घ्यायला आलेली माणसं रांगेत, आणि आम्ही काउंटरच्या आत पिन टाकतोय.

शाईवाला, तुमचं टॅलीचं मशीन हलवू नका. बाकीचं काय करायचं ते करा.

चौकट_राजा

मी स्ट्रक्चरल इंजिनिअर. आमच्याकडे हाच विषय निघाला होता.

ऑटोकॅड लिनक्सवर नाही. स्टॅड, ईटॅब्स, रेव्हिट सगळं विंडोज. ब्रिक्सकॅड लिनक्सवर आहे, पैसे मोजावे लागतात, पण ऑटोकॅडची डीडब्ल्यूजी फाइल सरळ उघडतं आणि सरळ जतन करतं. नुसतं ड्राफ्टिंग करणाऱ्याला पुरतं. फ्रीकॅड १.० नोव्हेंबर २०२४ ला आलं, छान आहे, पण ते मशीनचे सुटे भाग डिझाइन करणाऱ्यांना जवळचं, आमच्या स्लॅब-बीमच्या शीटांना नाही.

मुद्दा नानांचाच आहे, जरा पुढे नेतो. माझं ड्रॉइंग आर्किटेक्टकडून येतं, माझ्याकडून काँट्रॅक्टरकडे आणि मंजुरीला जातं. मधल्या एकानेही फाइल उघडून "लेयर हलले" म्हटलं की दोष माझा. त्यामुळे मी काय वापरायचं हे मी ठरवत नाही, माझ्या पुढचा आणि मागचा माणूस ठरवतो. वर ज्यांचं लिनक्सवर जमलंय ते बघा. सीएफएक्सच्या स्टुडिओत फाइल एकाच छताखाली फिरते. नानांच्या त्या त्रैमासिकाचा शेवट पीडीएफवर होतो. ज्यांची फाइल उघडी आणि बदलण्याजोगी दुसऱ्याच्या दारात जाते, ते अडकलेत.

मुक्तछंद

हे मान्य. पण मग सगळे एकमेकांकडे बघत बसणार आणि कोणीच हलणार नाही.

चौकट_राजा

तुम्ही हला, आम्ही मागून येतो.

कारकून_नं_१

नमस्कार. पहिलाच प्रतिसाद, चुकलं तर सांभाळून घ्या.

मी तालुका न्यायालयात नोकरीला आहे. आमच्याकडे उबुंटू आहे. ई-कोर्ट्स प्रकल्पात न्यायालयांना उबुंटूच दिलं गेलं, न्यायाधीशांच्या लॅपटॉपपासून. खटल्यांची नोंद ज्यात होते ते सीआयएस पुण्याच्या एनआयसीने (केंद्र सरकारची संगणक संस्था) बनवलेलं आहे, ते ब्राउझरमध्ये चालतं. निकालपत्रं, रोजनामा सगळं लिबरऑफिसमध्ये, युनिकोड मराठीत, म्हणजे कुठल्याही संगणकावर मराठीच दिसेल अशा. सुरुवातीला प्रशिक्षण झालं, कुरकुरही झाली. आता नवीन येणारा स्टेनो विचारतसुद्धा नाही.

एक बारकी गोष्ट कळली ती सांगतो. लिबरऑफिसमध्ये मजकुराची भाषा "हिंदी" राहिली असेल तर काही फाँटांत ल आणि श हिंदी वळणाचे येतात. भाषा "मराठी" निवडली की त्याच फाँटात आपले ल आणि श येतात. आमचे साहेब याबाबतीत कडक आहेत.

अनघा_क

हे माहीतच नव्हतं! वाचनखूण साठवली आहे. माझ्या प्रबंधात सगळे ल हिंदी वळणाचे आले होते आणि मी फाँटला शिव्या देत होते.

शाईवाला

कारकून साहेब, स्वागत. पण तुमचं काम पहिल्यापासून युनिकोडमध्ये. आमचं दुखणं तिथेच आहे. वीस-पंचवीस वर्षांचं मॅटर श्री-लिपीच्या जुन्या फाँटांत पडलंय. पतसंस्थेचा अहवाल म्हणजे मागच्या वर्षीचा उघडायचा, आकडे बदलायचे, नवे ठराव घालायचे. ते मॅटर युनिकोडमध्ये कसं आणायचं?

अक्षरशत्रू

यावर बोलायला मी लायक आहे, हेच काम करतो.

जुन्या फाँटांत "क" हा क नसतोच. संगणकाच्या लेखी तिथे एखादं इंग्रजी अक्षर किंवा चिन्ह असतं, फाँट त्यावर क चा मुखवटा चढवतो. प्रत्येक कंपनीचा मुखवटा वेगळा, म्हणून फाँट गेला की कागदावर नुसता कचरा. कन्व्हर्टर आहेत, बऱ्यापैकी काम करतात. अडतात कुठे तर पहिली वेलांटी आणि रफार. जुन्या फाँटात वेलांटी दिसते तशी अक्षराच्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर. "स्थिती"मध्ये ती वेलांटी अर्ध्या स च्या आधी असते, तिला उचलून थेट थ च्या मागे न्यावं लागतं. रफार नेमका उलटा, शेवटून पुढे आणायचा. "कार्यकारिणी"सारखा शब्द आला की कन्व्हर्टरची परीक्षा. वर "दर्‍या"मधला चंद्रकोरी र. शिवाय कोष्टकातले आकडे! काही फाँटांत मराठी आकडे इंग्रजी आकड्यांच्या जागी, काहींत भलतीकडेच. ताळेबंदात ३ चा ८ झाला तर ऑडिटर फाडून खाईल.

म्हणून कन्व्हर्ट करा आणि नंतर माणसाकडून प्रूफ वाचून घ्या. हा खर्च लिनक्समुळे नाही, विंडोज ११ घेतलंत आणि नव्या सॉफ्टवेअरवर गेलात तरी कधी ना कधी करायचाच आहे. पेजमेकरची शेवटची ७.० आवृत्ती २००१ ची. त्याला युनिकोड कळत नाही आणि आता कोणी शिकवणारही नाही.

जुनाजाणता

खरं आहे. लोक विंडोज १० ला रडतायत, आणि त्यांच्या ऑफिसातलं सगळ्यात जुनं ओझं पेजमेकर आहे.

मकरंद_म्युन्शेन

जर्मनीतून. इथे हा वाद नगरपालिकेच्या पातळीवर झालेला आहे, म्हणून दोन शब्द.

म्युनिक शहराने २००३ मध्ये लिनक्सवर जायचं ठरवलं, लिमक्स नावाचा प्रकल्प. २०१३ पर्यंत सुमारे १५,००० मशीनं हलली. आणि २०१७ मध्ये नगर परिषदेने परत विंडोजवर यायचा ठराव केला. का, यावर आजही भांडतात. कोणी म्हणतं राजकारण, कारण मायक्रोसॉफ्टने २०१६ मध्ये जर्मनीतलं मुख्यालय याच शहरात आणलं. कोणी म्हणतं विशेष कामांची सॉफ्टवेअरं विंडोजवरच होती, ती काही केल्या सुटली नाहीत. मला दोन्हींत तथ्य दिसतं.

आता उत्तरेत श्लेसविग-होल्स्टाइन राज्याने सुरुवात केली आहे, सुमारे ३०,००० मशीनं. पण त्यांचा क्रम बघा. आधी ऑफिस बदललं, विंडोजवरच लिबरऑफिस टाकून. मग ईमेल. विंडोज काढायचं त्याच्याही नंतर. लोकांना अवजाराची सवय आधी लागते, खालची जमीन मग बदलायची. शाईवाला, तुम्हीही स्क्रायबस आणि गिंप आत्ताच्या विंडोजवर टाकून एक खरं काम करून बघा. दोन्ही विंडोजवर फुकट मिळतात. मिंटचा निर्णय नंतर.

पेठकरी

एवढी चर्चा! मॅक मिनी घ्या आणि मोकळे व्हा. कोरेल मॅकवर आहे, फोटोशॉप आहे, डिझाइनचं अ‍ॅफिनिटी तर ऑक्टोबर २०२५ पासून फुकट झालंय.

अक्षरशत्रू

श्री-लिपीच्या डोंगलचं काय करणार? एम-वनपासून पुढच्या मॅकवर बूटकॅम्प, म्हणजे मॅकवर थेट विंडोज बसवायची सोय नाही. पॅरलल्समध्ये, म्हणजे मॅकच्या आत, विंडोज टाकलं तर ते एआरएम या वेगळ्या जातीच्या प्रोसेसरचं असतं, जुन्या डोंगलचा ड्रायव्हर त्यात बसत नाही. अ‍ॅफिनिटी लिनक्सवर नाही, आणि मॅकवरही वापरण्याआधी जोडाक्षरं नीट जुळतात का ते एक पान लावून बघा. "फुकट" वाचून उड्या मारू नका.

पेठकरी

आम्ही उड्या मारत नाही. आम्ही सुचवतो. घ्यायचं नसेल तर सोडून द्या.

फ्लेक्सभाऊ_अकोला

एक गोष्ट कोणी बोलून नाही राहिलं. अर्ध्या गावाचं कोरेल असली आहे का? ज्यानं फुकटात "बसवून घेतलं" त्याले लिनक्स फुकट आहे म्हणून काय फरक पडते? त्याच्यासाठी सगळंच फुकट.

बिनकामाचा

आला, आला! मुख्य मुद्दा आला! (मागच्या रांगेतल्यांनो, बसून घ्या.)

नाना_प्लेटवाले

हसण्यावारी नेऊ नका, फ्लेक्सभाऊ बरोबर बोलले. क्रॅक टाकायचा म्हणून अँटीव्हायरस बंद, अपडेट बंद, आणि तेच मशीन दिवसभर व्हॉट्सॲप वेबवर. माझ्याकडे येणाऱ्या पेनड्राइव्हपैकी कित्येकांत फोल्डरांच्या जागी शॉर्टकट झालेले असतात. मी आता पेनड्राइव्ह आधी लिनक्सच्या मशीनमध्ये लावतो, फाइल तिथून नेटवर्कवर घेतो. हो, मुक्तछंद, माझ्याकडेही एक लिनक्स आहे. डोक्यावर घेऊ नका.

मुक्तछंद

नाना!!! मूर्तिभंजन झालं, आता मूर्तीच बसवतो तुमची.

पण नानांनी नकळत शाईवाला यांच्या प्रश्नाचं उत्तर दिलंय. ज्या मशीनला बाहेरचं वारं लागतं, म्हणजे व्हॉट्सॲप, ईमेल, पेनड्राइव्ह, ते मिंटवर. त्यात सांबाने (लिनक्स आणि विंडोजमध्ये फाइली वाटून घ्यायची सोय) एक सामायिक फोल्डर. कोरेल आणि श्री-लिपीचं विंडोज १० मशीन इंटरनेटवरून पूर्ण तोडून टाका, फक्त ऑफिसच्या आतल्या नेटवर्कवर. अपडेट संपले तरी जोखीम बरीच कमी होते.

अक्षरशत्रू

यात भर. भाच्याला हौस असेल तर मिंटच्या आत आभासी मशीनमध्ये विंडोज चालवून डोंगलचं यूएसबी आत देता येतं. बऱ्याच डोंगलांना चालतं, काही हटून बसतात. पेजमेकरसारख्या हलक्या कामाला ठीक. मोठी कोरेलची फाइल मात्र खऱ्या मशीनवरच.

टॅक्सवाली

आणि प्रिंटर! कॅननचा एलबीपी २९०० आहे ना ऑफिसात? कोणाकडे नाही म्हणा. लिनक्सवर त्याचा ड्रायव्हर बसवणं म्हणजे व्रतवैकल्य आहे. एचपीचे बहुतेक प्रिंटर लावल्या लावल्या चालतात.

शाईवाला

आहे ना एलबीपी २९००! दोन आहेत. ते विंडोजवरच राहतील.

सगळ्यांचे आभार. एकेकाला उत्तर देत बसत नाही. ठरवलंय ते असं. गिऱ्हाईक येतं त्या टेबलावरचं मशीन मिंटवर. तिथे व्हॉट्सॲप, ईमेल, मजकूर टायपिंग आणि फोटो कापणं एवढंच चालतं, ते गिंपमध्ये होईल असं भाच्याने दाखवलं. टॅलीला एक नवं विंडोज ११ चं मशीन घेतो, फोटोशॉपही त्याच्यावर. कोरेलची दोन मशीनं नेटवरून तोडतो. नानांचं आणि फ्लेक्सवाल्याचं सीडीआर चालू राहील.

दिवाळी अंकाचं मकरंद म्हणतात तसं करून बघणार. एका अंकाचे लेखक सगळे आता युनिकोडमध्येच मजकूर पाठवतात, तो आम्ही उलटा श्री-लिपीत नेऊन पेजमेकरमध्ये ओततो, हे लिहिताना माझं मलाच हसू आलं. तो अंक यंदा स्क्रायबसमध्ये. फक्त आमचे कंपोझिटर भोसलेकाका रेमिंग्टनवाले, म्हणजे टाइपरायटरच्या कीबोर्डवाले आहेत, त्यांची बोटं इन्स्क्रिप्टच्या मांडणीला वळायची नाहीत. लिनक्सवर तशी मांडणी मिळते का?

कारकून_नं_१

मिळते. टाइपरायटरच्या वळणाची मांडणी निवडता येते, आमच्याकडे दोन जुने स्टेनो तीच वापरतात. काही चिन्हांच्या जागा श्री-लिपीपेक्षा वेगळ्या असतील. त्या एका कागदावर छापून कीबोर्डशेजारी चिकटवा, काका चार दिवसांत रुळतील.

मुक्तछंद

स्क्रायबसमध्ये पॅराग्राफ स्टाइल पहिल्या दिवशीच करून घ्या आणि प्रत्येक स्टाइलची भाषा मराठी ठेवा. मजकूर ओतल्यावर एकेक परिच्छेद निवडत बसलात तर मला शिव्या द्याल.

नाना_प्लेटवाले

शाईवाला, अख्खा अंक लावायच्या आधी एकच आठ पानी फॉर्म लावा. त्यात एक पान नुसत्या मजकुराचं, एक कोष्टकाचं, एक रंगीत जाहिरातीचं घाला आणि पीडीएफ पाठवा. काळा किती प्लेटांवर येतोय ते पडद्यावर बघून कळवतो, त्याचे पैसे नाहीत. दसऱ्याच्या आत पाठवा. नंतर फोन उचलणार नाही.